विश्लेषण : मराठीतून हिब्रू शिकवणारे डॉ. जॉन विल्सन कोण होते? एकाच ग्रंथावरून ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांच्या वाटा वेगळ्या का?

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बहुतेक घरांना ठाऊक आहे. मंचर, घोडेगाव, नारायणगावहून आलेला भाविक पायऱ्या चढून ज्या लेण्यात पोहोचतो, तो मूळचा बौद्ध भिक्खूंचा विहार. या परिसरातील लेण्यांची दखल घेणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांमध्ये एक स्कॉटिश मिशनरी होते, डॉ. जॉन विल्सन. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे.

शिक्षणसंस्थापक आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक म्हणून विल्सन यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या आयुष्यातील एक धागा मात्र मागे पडतो. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. ते होते कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजासाठी. आपले धर्मग्रंथ मूळ भाषेत वाचता आले, की हा समाज येशूला मशीहा म्हणून स्वीकारेल, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. समाजाने हिब्रू आत्मसात केली, धर्म मात्र बदलला नाही. उलट तो अधिक घट्ट धरला. असे का झाले, हे समजून घेतले तर ज्यू आणि ख्रिस्ती या दोन धर्मांतील जवळीक आणि दुरावा दोन्ही कळतात.

जॉन विल्सन मुंबईत कसे आले?

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या गावचा. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. १८२८ मध्ये मार्गारेट बेन यांच्याशी विवाह झाला आणि १८२९ च्या सुरुवातीला हे दाम्पत्य मुंबईत उतरले. मुंबईत काम सुरू करण्याआधी दोघे कोकण किनाऱ्यावर बाणकोट-हर्णै भागात राहून मराठी शिकले.

पुढच्या काही वर्षांत कामाचा वेग मोठा होता. मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. मुंबईतील सेंट कोलंबा शाळेचे मूळ त्यांच्याच कामात आहे. विल्सन यांनी १८३० मध्ये ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे नियतकालिक सुरू केले. १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोळी येथे त्यांची इंग्रजी शाळा सुरू झाली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. एप्रिल १८३५ मध्ये मार्गारेट यांचे मुंबईतच निधन झाले. त्याच वर्षी विल्सन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले.

विल्सन धर्मप्रसारक होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. मुंबईत त्यांनी हिंदू पंडितांशी जाहीर वाद घातले. मोरभट दांडेकर यांनी हिंदू धर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले, तेव्हा विल्सन यांनी त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. पारशी आणि मुस्लिम विद्वानांशीही त्यांचे वाद झाले. दुसऱ्यांच्या श्रद्धांवरील त्यांची टीका अनेकदा कठोर असे. मात्र ज्या धर्माशी वाद घालायचा, त्याची भाषा आणि ग्रंथ आधी शिकायचे, हा त्यांचा नेम होता. ज्यू धर्माच्या बाबतीत तर वादाचे मैदानच वेगळे होते. हिंदू किंवा पारशी धर्माशी वाद घालताना समोरच्याचा ग्रंथ परका असे. ज्यूंचा ग्रंथ मात्र विल्सन यांच्या स्वतःच्या बायबलचा पहिला आणि मोठा भाग होता.

बेने इस्रायल म्हणजे कोण?

आजच्या रायगड जिल्ह्यातील किनारपट्टीवर, अलिबागच्या आसपासच्या गावांत हा समाज शतकानुशतके राहत होता. समाजातील परंपरा अशी, की नवगावजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात इस्रायलची लेकरे. हे केव्हा घडले याबाबत ठोस पुरावा नाही.

घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद. त्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले, शनिवार तेली. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, नागावकर. घरात मराठी, अंगावर मराठी पेहराव. मुलांची आठव्या दिवशी सुंता होई, खवले नसलेला मासा खाल्ला जात नसे आणि हिब्रूतील शेमा ही प्रार्थना पाठ असे. परमेश्वर एकच आहे, ही या प्रार्थनेची घोषणा. बाकी हिब्रू जवळपास विसरली गेली होती. ग्रंथही हाताशी नव्हते.

सणांची नावेसुद्धा मराठी झाली होती. ज्यू नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचे दार बंद ठेवून उपवास करायचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस बिरड्याचा सण म्हणून पाळला जाई.

अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संपर्क वाढला आणि धर्माचरणाचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. मुंबईत १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. ते कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. म्हणजे मिशनरी येण्याआधीच हा समाज आपल्या मुळांकडे परतू लागला होता. हा तपशील पुढच्या घडामोडींसाठी महत्त्वाचा आहे.

हिब्रूचे व्याकरण मराठीत का लिहिले?

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबई आणि कोकणात शाळा उघडल्या होत्या. त्यांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने शिकत. समाजातील काही जण तेथे शिक्षकही झाले. इतर समाजांना मिशनच्या शाळेत मूर्तिपूजेवरील टीका ऐकावी लागे. बेने इस्रायलांना ती अडचण नव्हती. अब्राहम, मोशे, दावीद यांच्या गोष्टी त्यांच्याच होत्या.

विल्सन यांनी पुढचे पाऊल टाकले. केवळ भाषांतर वाचून भागणार नाही, मूळ हिब्रू वाचता आली पाहिजे, या विचाराने त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मांडली. त्यांच्या शाळेत हिब्रू शिकवली जाऊ लागली. पुढे १८५४ मध्ये त्यांनी बेने इस्रायलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी मदतीचे आवाहन करणारी स्वतंत्र पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

समाजाच्या नावाबद्दलही विल्सन यांनी लिहिले. त्या काळी या लोकांना यहुदी म्हटलेले आवडत नसे, ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवत. प्राचीन काळी ज्यूंची दोन राज्ये होती, उत्तरेला इस्रायल आणि दक्षिणेला यहुदा. उत्तरेचे राज्य असिरियाने इसवी सनपूर्व आठव्या शतकात जिंकले आणि तेथील दहा वंश इतिहासातून नाहीसे झाले. बेने इस्रायल हे त्या हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत, असा विल्सन यांचा तर्क होता. तो सिद्ध झालेला नाही. पण शनिवार तेली या गावठी ओळखीऐवजी बेने इस्रायल हे नाव अभ्यासकांच्या जगात रुळवण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा आहे.

वाद नेमका कशावरून?

विल्सन यांच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आणि शिकवणारा मिशनरी यांच्यासमोर एकच हिब्रू पान असे. त्याचा अर्थ मात्र दोघांच्या परंपरा वेगळा लावत. हे मतभेद मुंबईत जन्मले नव्हते. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकापासून ते चालत आले होते. येशू, त्याचे बारा शिष्य आणि पौल हे सारे ज्यू होते. सुरुवातीचा ख्रिस्ती समाज ज्यू समाजाच्या आतच होता. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या, त्या मुख्यतः पाच मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा, ग्रंथाचे नाव. मराठी बायबलमध्ये जुना करार आणि नवा करार असे दोन भाग आहेत. करार म्हणजे परमेश्वराने माणसांशी केलेला ठराव. ज्यूंच्या दृष्टीने हा ग्रंथ जुना नाही. तोच करार आजही चालू आहे, आणि दुसरा कोणता भाग नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात नव्या कराराचे आश्वासन आहे. ख्रिस्ती परंपरा म्हणते, तो करार येशूमुळे प्रत्यक्षात आला. ज्यू परंपरा म्हणते, त्या वचनात इस्रायल आणि यहुदाच्या घराण्यांचे नाव आहे, म्हणजे त्याच लोकांशी असलेल्या त्याच नात्याचे ते नूतनीकरण आहे.

दुसरा मुद्दा, मशीहा. मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. ग्रीक भाषेत याच शब्दाचे ख्रिस्त झाले. ज्यू अपेक्षेप्रमाणे मशीहा आला, की विखुरलेले लोक एकत्र येतील आणि जगात शांतता नांदेल. हे अजून झालेले नाही, म्हणून तो अजून आलेला नाही. ख्रिस्ती उत्तर असे, की तो एकदा येऊन माणसांच्या पापासाठी मरण पावला, पुन्हा उठला आणि उरलेले कार्य पूर्ण करायला परत येणार आहे. यशयाच्या ५३ व्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन आहे. ख्रिस्ती वाचक त्यात क्रुसावरचा येशू पाहतो. बहुतेक ज्यू भाष्यकार त्यात छळ सोसणारे इस्रायल राष्ट्र पाहतात.

मूळ भाषेचे महत्त्व इथे दिसते. यशयाच्या सातव्या अध्यायात ‘अल्मा’ हा हिब्रू शब्द येतो. त्याचा अर्थ तरुण स्त्री. त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात कुमारी या अर्थाचा शब्द आला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने येशूच्या जन्माशी त्याचा संबंध जोडला. भाषांतर वाचणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. हिब्रू शिकलेल्याला पडतो. मिशनऱ्यांनी दिलेले साधन दुधारी होते, ते असे.

तिसरा मुद्दा, देवाचे एकत्व. ख्रिस्ती धर्मही एकेश्वरवादी आहे, पण तो एकाच देवाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रैक्यात मानतो. हिब्रूत देवासाठी येणारा ‘एलोहीम’ हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे, याकडे ख्रिस्ती पंडित बोट दाखवत. त्याचे क्रियापद एकवचनी असते, हे ज्यू पंडितांचे उत्तर. ज्या समाजाने बाकी सारे विसरूनही शेमा जपली होती, त्याला त्रैक्य पटवणे सर्वांत अवघड होते.

चौथा मुद्दा, नियमशास्त्र. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम ख्रिस्ती होणाऱ्या बिगरज्यू लोकांनी पाळावेत का, हा वाद येशूनंतर काही दशकांतच जेरुसलेमच्या सभेत उठला. त्यांच्यावर तो भार नको, असा निर्णय झाला. हळूहळू शनिवारची जागा रविवारने घेतली. बेने इस्रायलांची तर ओळखच शनिवारच्या बंद घाण्यावर उभी होती. शनिवार सोडणे म्हणजे पूर्वजांना सोडणे.

पाचवा मुद्दा कोकणाच्या अगदी जवळचा आहे : एलिया संदेष्टा. ख्रिस्ती बायबलमधील जुना करार मलाखीच्या ग्रंथाने संपतो. परमेश्वराच्या दिवसापूर्वी एलिया परत येईल, असे आश्वासन त्याच्या शेवटी आहे. पान उलटले की मत्तय सुरू होतो आणि बाप्तिस्मा देणारा योहान हाच तो एलिया, असे तेथे सांगितले जाते. ज्यूंच्या मांडणीत तेच ग्रंथ वेगळ्या क्रमाने येतात आणि शेवट इतिहासाच्या ग्रंथाने, जेरुसलेमकडे परतण्याच्या हाकेने होतो. ज्यू घरांत वल्हांडणाच्या रात्री एलियासाठी प्याला भरून ठेवला जातो. बेने इस्रायल घरांत एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा केला जातो. अलिबागजवळील खंडाळे येथे तो प्रकट झाला, अशी समाजाची श्रद्धा आहे. एकासाठी एलियाचे येणे होऊन गेलेली गोष्ट आहे, दुसऱ्यासाठी ती रोजची वाट पाहणे आहे.

मिशनऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे धर्मांतरे झाली का?

फारच थोडी. या काळात मुंबईत धर्मांतर हा स्फोटक विषय होता. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. पारशी पालकांनी मुले काढून घेतली आणि शाळा जवळपास रिकामी झाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाच्या धर्मांतरानेही मोठी खळबळ उडाली.

बेने इस्रायल समाजाची परिस्थिती वेगळी होती. त्यांना मिशनच्या शाळेची गरज इतरांपेक्षा जास्त होती, कारण स्वतःच्या धर्माचे शिक्षणही तेथूनच मिळत होते. त्यांनी व्याकरण घेतले, ग्रंथ घेतले, इंग्रजी घेतली. तरी समाज म्हणून ते सिनेगॉगमध्येच राहिले. मिशनऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर आपला धर्म नीट माहीत हवा, ही गरज त्या शाळांनीच निर्माण केली. कोचीनहून आलेले शिक्षक आणि बगदादी ज्यूंच्या संस्था यांचाही आधार मिळाला.

त्याचे परिणाम छापील मराठीत दिसतात. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाचा विधिग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क नऊवारीत आहेत. पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, त्याआधी १८६७ मध्ये बांधून झाले होते.

या पिढीतील मोठे नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचे. १८३४ मध्ये जन्मलेले राजपूरकर मुंबईतील डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेत १८५६ मध्ये शिक्षक आणि १८६१ मध्ये मुख्याध्यापक झाले. हिब्रू प्रार्थनाग्रंथ त्यांनी मराठीत आणले आणि १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या समाजासाठी हिब्रूची बाराखडी मराठीत लिहावी लागली होती, त्याच समाजातला माणूस आता विद्यापीठात हिब्रूचे पेपर तपासत होता.

विल्सन यांनी ज्यूंचा देश प्रत्यक्ष पाहिला का?

होय. १८४३ मध्ये ते मायदेशी निघाले, ते इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनमार्गे. सोबत धनजीभाई नवरोजी होते. वाटेत त्यांनी पूर्वेकडील ज्यू आणि शोमरोनी समाजांची माहिती गोळा केली. शोमरोनी लोक तर याच वादातील तिसरा पक्ष. ते मोशेची पाच पुस्तकेच मानतात आणि पवित्र स्थान जेरुसलेम नव्हे, तर नाब्लुसजवळचा गरिज्जीम डोंगर असल्याचे सांगतात. १८४७ मध्ये या प्रवासाचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांवरही लेखन आहे.

१८४३ मध्येच स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन बाहेर पडणाऱ्या फ्री चर्चच्या बाजूने गेले. त्याची किंमत म्हणून मुंबईतील शाळेची नवी इमारत हातची गेली आणि काम पुन्हा उभारावे लागले. १८४५ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. १८४६ मध्ये इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह करून ते भारतात परतले.

जुन्नरच्या लेण्यांशी त्यांचा संबंध काय?

प्राचीन लिपी आणि लेणी हा विल्सन यांचा दुसरा ध्यास. गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाचे ठसे त्यांच्यामार्फत जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले आणि ब्राह्मी लिपीच्या उलगड्यानंतरच्या संशोधनाला मोठी मदत झाली. १८४८ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या नोंदीसाठी मुंबईत आयोग नेमला गेला. त्याचे काम विल्सन यांच्या नेतृत्वाखाली चालले. १८५० मध्ये त्यांचा लेण्यांवरील विस्तृत निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात जुन्नर परिसरातील लेण्यांची दखल आहे. त्याआधी कर्नल साइक्स यांनी येथील शिलालेखांकडे लक्ष वेधले होते.

जुन्नरच्या शिलालेखांत यवन म्हणवणाऱ्या तीन दात्यांची नावे आहेत : इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. त्यांनी बौद्ध संघासाठी पाण्याची टाकी, भोजनगृह आणि लेण्याचे दर्शनी काम यांसाठी दान दिले. कल्याण, सोपारा या बंदरांतून नाणेघाटमार्गे जुन्नरला येणारा व्यापारी रस्ता दोन हजार वर्षांपूर्वी वाहता होता. या रस्त्याने ज्यू व्यापारी आले, असे सांगणारा लेख जुन्नरमध्ये नाही. पण पश्चिमेचे लोक कोकणच्या किनाऱ्यावर उतरून इथल्या समाजात मिसळले, हे जुन्नरचे दगड सांगतात. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या कुटुंबांची परंपरा त्या चित्रात अशक्य वाटत नाही.

लेण्याद्री आणखी एका अर्थाने हा विषय समजायला मदत करते. बौद्ध विहारात आज गणपतीची पूजा होते. खांब, भिंती, भिक्खूंच्या खोल्या त्याच आहेत, पूजा बदलली आहे. हिब्रू ग्रंथाचे ख्रिस्ती बायबलमध्ये काहीसे असेच झाले : शब्द तेच राहिले, मध्यभागी येशू आला. फरक इतकाच, की इथे मूळचे रहिवासी घर सोडून गेले नव्हते. ज्यू त्याच ग्रंथात राहत होते आणि आजही राहतात. त्यामुळे ख्रिस्ती धर्मशास्त्राला एक प्रश्न कायम सतावत राहिला. आपण वारस आहोत, तर मूळ मालकाचे काय?

शेवटची वर्षे कशी गेली?

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विल्सन त्याच्या सुरुवातीच्या फेलोंपैकी होते. १८६१ मध्ये त्यांचे महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न झाले. १८६७ मध्ये इझाबेला यांचे निधन झाले. १८६८ मध्ये ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तर १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. नंतर ते पुन्हा मुंबईत परतले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. चौपाटीवरील कॉलेजची आजची इमारत त्यांच्या मृत्यूनंतर, १८८९ मध्ये उभी राहिली.

ज्या वर्षी विल्सन गेले, त्याच वर्षी हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत बेने इस्रायलांची स्वतःची शाळा सुरू केली. इंग्रजी शिक्षणासोबत हिब्रू आणि ज्यू धर्म शिकवणारी ही शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इतिहास लिहिताना किहीमकरांनी विल्सन आणि इतर मिशनऱ्यांचे उपकार कृतज्ञतेने नोंदवले. त्यांचा धर्म मात्र त्यांनी घेतला नाही.

हा प्रश्न आज कुठे आहे?

विल्सन यांच्या काळात बहुतेक चर्चांची समजूत अशी होती, की देवाच्या योजनेत ज्यूंची जागा आता ख्रिस्ती मंडळीने घेतली आहे. ज्यूंपुढे उरलेला मार्ग एकच, बाप्तिस्मा. युरोपात या समजुतीने ज्यूद्वेषाला शतकानुशतके खतपाणी घातले. दुसऱ्या महायुद्धातील साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर चर्चांना तिच्याकडे नव्याने पाहावे लागले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकणे नाकारले. ख्रिस्ती धर्म ज्यू मुळावर कलम केलेल्या फांदीसारखा आहे, ही पौलाच्या पत्रातील ऑलिव्ह झाडाची प्रतिमा पुन्हा चर्चेत आली. अनेक प्रोटेस्टंट चर्चांनीही त्यानंतर आपल्या भूमिका तपासल्या. मशीहाबाबतचा मतभेद मात्र तसाच आहे. तो मिटवायचा नसून समजून घ्यायचा, असा संवादाचा सूर आता असतो.

बेने इस्रायलांची परीक्षाही मिशनऱ्यांपाशी संपली नाही. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे ज्यू धर्मगुरूंनीच त्यांच्या ज्यू असण्याबद्दल, विवाहांच्या वैधतेबद्दल शंका घेतली. आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये समाजाला समान ज्यू म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा देण्यात आला. मुंबई, पुणे आणि अलिबाग परिसरात थोडी कुटुंबे उरली आहेत.

विल्सन यांनी दिलेले हिब्रू व्याकरण धर्मांतराचे साधन म्हणून अयशस्वी ठरले, हे आकडेमोड न करताही कळते. पण त्यामुळे कोकणातील तेल गाळणाऱ्या एका समाजाला आपला ग्रंथ स्वतः वाचता आला आणि त्याचा अर्थ स्वतः ठरवता आला. एकाच पानावर दोन धर्म उभे असतील, तर ते पान वाचता येणे दोघांसाठी गरजेचे असते. मराठीत ती सोय पहिल्यांदा करून देणाऱ्यांत विल्सन यांचे नाव आहे.